कशावरूनचा तास

लातुरात अकरावी नावाची इयत्ता फक्त दाखल्यावर असते. दहावीचा निकाल लागला की पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन स्टँडवर उतरतात आणि थेट बारावीच्या घाण्याला जुंपली जातात. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. अशा पोरांना मी मराठी शिकवते. म्हणजे मी फळ्यापाशी बोंबलते आणि ती बाकाखाली फिजिक्सची गणितं सोडवतात. क्लासवाले भुजंग सर, ज्यांच्या दारातली सायकलींची रांग पार कोपऱ्यापर्यंत जाते, मला तोंडावर म्हणाले होते, "बाई, मराठीत पास झाले तरी बस्स. डॉक्टर काय कविता लिहून औषध देणार हाय का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

म्हणून मी प्राचार्यांशी भांडून शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला. मेरिटच्या तुकडीतल्या निवडक पोरांसाठी. त्याला पुस्तक नाही, परीक्षा नाही. एक प्रश्न घ्यायचा, माणसांत हिंडून माहिती काढायची आणि आपलं म्हणणं चार लोकांत उभं करायचं. माझे नियम दोनच. कोणी काहीही बोललं की विचारायचं, कशावरून? 'सगळे म्हणतात' हे उत्तर मी ऐकून घेणार नाही; सगळ्यांत आधी कोण म्हणालं ते शोधून आणा. आणि दुसरा, समोरच्याचं खोडायच्या आधी त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून दाखवा. त्यानं 'हां, असंच' म्हणून मान हलवली, की मग आपलं तोंड उघडा. पोरांनी त्या तासाचं नाव 'कशावरूनचा तास' पाडलं.

त्या तासातली सगळ्यात तिखट पोर म्हणजे सादिया. कंधारची. तिचे वडील ताहेरभाई तिथे पत्र्याच्या पेट्या बनवायचे. सादिया आणि देवणीची ऋतुजा माझ्याच घराच्या मागच्या खोलीत राहायच्या, त्यामुळे मला तिचा वाद चोवीस तास ऐकावा लागे. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी विचारायची, "कशावरून मॅडम? तुम्ही आधी लोणचं खाल्लंय." मला राग यायचा आणि खरं सांगते, आनंदही व्हायचा.

फक्त एका गोष्टीवर ती वाद घालायची नाही. रात्री खोलीच्या दाराला आतून कडी लावायची नाही. "अगं, पोरींची खोली आहे! मागं बोळ आहे! उद्या कोणी शिरलं म्हणजे?" मी बोलून बोलून थकले. ती खाली मान घालून "हो मॅडम" म्हणायची आणि रात्री दार नुसतं लोटून झोपायची. ऋतुजा बिचारी पेटी दाराशी सरकवून झोपायला बघायची, तर ही ती पेटीही बाजूला करायची. कडी गंजून गेली होती. हट्टी आहे कार्टी, एवढंच मी धरून चालले होते.

त्या जानेवारीत गुजरातेत भूकंप झाला आणि लातूरचं काळीज पुन्हा हललं. त्र्याण्णवच्या भूकंपाला तेव्हा सातेक वर्षं झाली होती, पण इथं ट्रक गेला आणि मांडणीवरची भांडी वाजली तरी बायका पोरं काखेत मारून अंगणात यायच्या. भुजंग सरांच्या क्लासमध्ये कोणीतरी बाक जोरात सरकवला, तर अख्खी बॅच जिन्यात. म्हणून नांदेडला फेब्रुवारीअखेर होणाऱ्या शोध आणि वादाच्या स्पर्धेसाठी माझ्या पोरांनी विषय घेतला, भूकंपाची भीती आपण अजून कशी पाळतो. सादिया आणि ऋतुजाकडे मागची गल्ली दिली होती. घरोघर जाऊन विचारायचं, पुन्हा जमीन हलली तर तुम्ही सगळ्यात आधी काय उचलाल?

पहिल्या दिवशी दोघी हात हलवत आल्या. "मॅडम, लोक नीट बोलतच नाहीत. 'बघू तवाचं तवा' म्हणतात."

"प्रश्न मोघम आहे तुमचा," मी म्हटलं. "मोघम विचारलं की मोघम ऐकायला मिळतं. नेमका करा. वेळ सांगा, जागा सांगा. माणसाच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दोघी चेहरा फुलवून परत आल्या. मेसवाल्या गुणाबाईनं सांगितलं होतं, आधी नात आणि मग मिक्सर. गिरणीवाला वीरण्णा म्हणाला होता, आधी चप्पल, कारण मागच्या वेळी तो दिवसभर अनवाणी काचांवरून हिंडला होता. मी शाबासकी दिली. प्रश्न कसा नेमका केला, ते मात्र मी विचारलं नाही.

आठवडा गेला असेल नसेल, लातूरभर एकच बोंब उठली. येत्या अमावस्येला पहाटे मोठा भूकंप होणार! एसटीडी बूथवर रांगा. स्टँडवर पेट्यांचे ढीग. नायगावचा बाप आला, पोराला घेऊन गेला. उदगीरचा आला, पोरीला घेऊन गेला. माझ्या वर्गात बाकं ओस पडायला लागली. कोण म्हणे ज्योतिषानं सांगितलं, कोण म्हणे रेडिओवर आलं. मी चिडले की नुसती हिंडत बसते. या खोलीतून त्या खोलीत, स्वयंपाकघरातून अंगणात. जेवताना बसवेना. माणसं परीक्षेपेक्षा अफवेचा अभ्यास मन लावून करतात, याचा मला इतका संताप आला होता!

भुजंग सर स्कूटरवरून उतरताच सुरू झाले, "बाई, बॅच रिकामी होऊन राहिली. तुमच्या पोरास्नी लोकांपुढं बोलता येतंय नव्हं? त्यास्नी सांगा, काही होत न्हाई म्हणून सांगत फिरा."

"कशावरून होत नाही?" मी विचारलं.

"आता तुम्ही पण!" त्यांनी डोक्याला हात लावला.

शनिवारी मी उरल्यासुरल्या पोरांना बसवलं. म्हटलं, नांदेडचा विषय बाजूला ठेवा. ही अमावस्या कोणाच्या तोंडून निघाली, ते शोधून आणा. ज्यानं तुम्हाला सांगितलं त्याला विचारा, तुला कोणी सांगितलं. मग त्याच्याकडे जा. नाव मिळाल्याशिवाय परत यायचं नाही. पोरं पांगली. सादियाच्या अंगात तर वारं शिरलं होतं, कारण तिला कंधारहून फोन आला होता. अब्बा उद्या येणार होते, सामान बांधून ठेव म्हणाले होते. आणि एकदा नेलं की परत पाठवणार नव्हते. तिथं एक मामू होता, त्याच्या ओळखीत एक स्थळ होतं. सगळं तयारच होतं.

"मॅडम, मला उद्याच्या आत पुरावा पाहिजे," ती म्हणाली. "अब्बा पुराव्याला मानतात. नुसत्या बोलण्याला न्हाई."

संध्याकाळी पोरं परतली. एकाला न्हाव्यानं सांगितलं, न्हाव्याला गुणाबाईनं. दुसऱ्याला दूधवाल्यानं, दूधवाल्याला वीरण्णानं. सगळे धागे आमच्याच मागच्या गल्लीत येऊन थांबत होते. सादिया आणि ऋतुजा सगळ्यात शेवटी आल्या. ऋतुजाचा चेहरा रडवेला, सादियाचा पांढराफटक.

"कोण निघालं?" मी विचारलं.

 ऋतुजा म्हणाली, "मॅडम, गल्लीतल्या गुरम्मा आजीकडं गेलो. आजीला बरोबर दिसत न्हाई. म्हणाली, कॉलेजच्या दोन पोरी आल्या होत्या. मेरिटच्या. त्यांनीच सांगितलं, येत्या अमावस्येला पहाटे जमीन हलणार हाय, काय उचलायचं ते आत्ताच ठरवून ठेवा."

 "सादिया, तू प्रश्न कसा विचारला होतास?"

तिनं एकेक शब्द सांगितला. "समजा, येत्या अमावस्येला पहाटे जमीन हलली, तर तुम्ही सगळ्यात आधी काय उचलाल?"

समजा! आमच्या तासात 'समजा' म्हटलं की पोरं हवेत इमले बांधतात, आणि तास संपला की पाडून टाकतात. पण ज्या गल्लीनं एकदा खरोखरची पहाट बघितली आहे, तिच्या दारात चष्मेवाली पोर उभी राहून अमावस्या म्हणते, तिथं 'समजा' कोणाच्या लक्षात राहणार? आणि नेमका कर म्हणून कोणी सांगितलं होतं तिला? मीच की! मला तिथल्या तिथं कुठं तोंड लपवू असं झालं.

ऋतुजा कुजबुजली, "सादिया, अब्बांना सांगू नको. कुठल्या तरी ज्योतिषाचं नाव घे. तुझ्यामुळं अख्खं लातूर पळालं म्हणल्यावर तर नेतीलच तुला. शिकून हेच केलंस का, म्हणतील."

सादिया पेटी भरायला आत गेली. आणि खरं सांगते, मी ऋतुजाला अडवलं नाही. ज्योतिषाचं नाव घेतलं असतं तर पोर वाचली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताहेरभाई आले. उंच, वाळका माणूस, बोटांवर पत्र्यानं कापल्याच्या जुन्या खुणा. ओसरीत खुर्ची दिली तरी टेकायला तयार नाहीत. "मॅडम, तुमची लई मेहरबानी हाय. पोरीला घेऊन जातो. बस चुकेल."

मी ठरवलं होतं शांत राहायचं. पण शांत राहणं माझ्या पत्रिकेतच नाही. "ताहेरभाई, असल्या बाजारगप्पांवर विश्वास ठेवून तुम्ही पोरीचं आयुष्य मोडणार? अमावस्येला भूकंप होणार, हे कशावरून?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश खुर्चीवर बसले.

"मॅडम, आमचं गाव औश्याच्या पल्याड होतं. त्र्याण्णवच्या आधी किती तरी दिवस जमीन गुरगुरत होती. आम्ही सगळे बाहेर झोपायचो. एक दिवस एक शिकलेला माणूस आला. चावडीपाशी उभा राहून बोलला, काही होत न्हाई, बाजारगप्पा हाय, घरात झोपा. लई चांगलं बोलला. मी लेकरांना आत घेतलं. थंडी-वारा लागू नये म्हणून कडी माझ्या हातानं लावली. पहाटे भिंत दाराकडं कलली, कडी अडकली. मी, सादिया, सादियाची अम्मी छपरातनं निघालो. आमचा हमजा, सादियाचा भाऊ, दारापाशी होता. कडी काढायला बघत होता तो." त्यांनी हाताची मूठ उघडली, मिटली. "त्या माणसानं कशावरून सांगितलं होतं, ते मी तवा इचारलं न्हाई. आता कुणी बी सांगू द्या, मी लेकरू बाहेर काढणार."

 एवढे महिने मी त्या पोरीला कडीवरून तोडून बोलत होते. देवा, काय काय बोलले होते मी तिला! मागच्या खोलीत पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला आणि सादिया बाहेर आली. ती माझ्याकडं बघेना. वडिलांसमोर जमिनीवर बसली.

"अब्बा, आधी तुमची बाजू मी मांडते," ती म्हणाली. "मागच्या वेळी ऐकलं ते खोटं निघालं आणि हमजा गेला. या वेळी न ऐकलेलं खरं निघालं आणि मी गेले, तर तुम्ही जगणार न्हाई. शिक्षण परत मिळेल, मी परत मिळणार न्हाई. म्हणून तुम्ही आलात. असंच ना?"

ताहेरभाईंनी मान हलवली. डोळे भरले होते त्यांचे.

"आता माझं ऐका. अमावस्या ज्योतिषानं सांगितली न्हाई. रेडिओवर आली न्हाई. मी सांगितली. मी गल्लीत प्रश्न विचारत होते. समजा अमावस्येला भूकंप आला तर काय कराल, असं. लोकांनी ते खरं धरलं. आम्ही काल शोधलं. सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं, अब्बा."

 दारात ऋतुजा ओढणी तोंडात धरून उभी होती. मला वाटलं, आता हा माणूस उठणार, पोरीचा दंड धरणार आणि चालू लागणार.

"तू?" ताहेरभाई म्हणाले.

"हो."

"मला कंधारला काय सांगितलं ठाऊक हाय का?" ते म्हणाले. "बसमधनं आलेला माणूस बोलला, लातूरची एक लई हुशार पोरगी घरोघर सांगून गेली. म्हणून तर मी निघालो. बाबा-बुवा बोलला असता तर मी हसलो असतो. पण हुशार पोरगी म्हणल्यावर मला आपली सादिया आठवली. म्हणलं, अशी पोरगी उगाच बोलायची न्हाई."

सादिया तिथंच ढसाढसा रडायला लागली.  मी पाण्याचा तांब्या घेऊन नुसतीच उभी राहिले.

ताहेरभाईंनी विचारलं, "मग येणार का न्हाई भूकंप?"

"माहीत न्हाई, अब्बा. येईल, येणारही न्हाई. कोणालाच आधी सांगता येत न्हाई. त्या माणसालाही माहीत नव्हतं." तिनं नाक पुसलं. "त्यानं तसं सांगायला पाहिजे होतं. माहीत न्हाई, असं."

ताहेरभाई उठले. "चल. त्या घरांत जाऊ."

"कशाला?"

"तू सांगितलंस, आता तूच परत घे."

मीही चप्पल सरकवली. ज्या प्रश्नात माझा हात, त्यात माझे पाय नकोत का? गल्लीत दारोदार सादियानं तेच सांगितलं. मी प्रश्न चुकीचा विचारला, अमावस्या माझ्या मनातली होती, मला माफ करा. लोक सहज सोडतात होय! वीरण्णानं गिरणी बंद करून तिला फैलावर घेतलं. त्याच्या बायकोनं माहेरी जायचं म्हणून दळण अर्ध्यावर टाकलं होतं. गुणाबाई माझ्यावरच घसरली, "पंचफुलाबाई, पोरी अडाणी असत्या तर समजलं असतं! माझी अर्धी मेस पळाली की वो!" मी मुकाट ऐकून घेतलं. मला मुकाट ऐकताना त्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं असेल. आणि प्रत्येक दारात शेवटी एकच प्रश्न, "मग कधी येणार?" प्रत्येक वेळी सादियाला "माहीत नाही" म्हणावं लागत होतं. मेरिटच्या पोरीला हे दोन शब्द किती जड जातात, ते शिकवणाऱ्यालाच कळतं. गुरम्मा आजीनं मात्र तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "बरं झालं बाई सांगितलंस. मी सातूचं पीठ भाजून गठुडं बांधून ठेवलं होतं. आता खाऊन टाकते."

परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. शेवटची बस अजून होती. सादिया पेटीजवळ उभी राहिली. बाप काय म्हणतो, तिकडं सगळ्यांचं लक्ष.

 ताहेरभाई मागच्या खोलीच्या दाराशी गेले. दार पुढं-मागं करून बघितलं. गंजलेली कडी बोटानं उचलायला गेले, ती हलेना. त्यांनी पिशवीतून छोटी कानस काढली. पेट्या बनवणाऱ्याच्या पिशवीत ती असतेच. माझ्याकडं गोडेतेल मागितलं. उकिडवे बसून कडी घासली, तिचं तोंड रुंद केलं, कोयंडा हातोडीनं जरा वाकता केला, तेल सोडलं. दार मुद्दाम तिरपं दाबून धरलं आणि करंगळीनं कडी उचलून बघितली. निघाली. पुन्हा घातली, आणखी जोरात दाबलं, पुन्हा उचलली. निघाली.

"बेटा, आत जा," ते म्हणाले. "कडी लाव."

सादियानं त्यांच्याकडं बघितलं. "लावू?"

"हाव. शहर हाय. लाव."

ती आत गेली. दार लागलं. आणि मग बराच वेळ काहीच नाही. ऋतुजानं माझा हात घट्ट धरला होता. शेवटी कडी पडल्याचा आवाज आला.

ताहेरभाईंनी बाहेरून दारावर दोन्ही हात टेकले, सगळा जीव लावून दार दाबलं आणि ओरडले, "आता काढ!"

खट्ट. दार उघडलं. सादिया समोर उभी होती.

"परत," ते म्हणाले.

असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. शेवटची बस निघून गेली तेव्हा ते अजून दारच दाबत होते, आणि सादिया रडत रडत आतून कडी काढत होती.